मधी व्याली का?

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी चित्रं टांगायचं काम चाललं होतं. काळा घोड्याजवळची गॅलरी. एसी अजून लावला नव्हता आणि भिंतींना नुकताच पांढरा हात मारलेला, त्यामुळे रंगाचा वास खोलीत कोंडून राहिला होता. टेम्पोबरोबर दोन माणसं आली होती. एक अगदी पोरगा, कानात इअरफोन घातलेला. दुसरे पन्नाशी ओलांडलेले, बारीक चणीचे, सकाळी कपाळाला लावलेला भंडारा घामाने भुवईपर्यंत उतरलेला. ते फ्रेम धरायचे, पोरगा खिळा ठोकायचा आणि मी लांब उभी राहून वर-खाली सांगायचे. शेवटच्या भिंतीवर दोनच चित्रं होती. डावीकडे वहीतून काढून फ्रेम केलेलं कोळशाचं छोटं स्केच आणि त्याच्या शेजारी त्याच स्केचवरून केलेला साडेचार फुटी कॅनव्हास. शेतात उभी असलेली घोडी. दोन्ही टांगून झाल्यावर त्यांनी खांद्यावरच्या पंच्याला हात पुसले, पण निघाले नाहीत. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग म्हणाले, "ही दोन्ही एकच घोडी का, मॅडम?"

मी हो म्हटलं.

"मग मधी व्याली का?"

मला प्रश्न कळलाच नाही. त्यांनी काचेला बोट न लावता, हवेतच, स्केचमधल्या पोटाची रेघ काढून दाखवली. पुढच्या पायांमागून खाली उतरत जाणारी आणि मागे जाऊन एकदम वर चढणारी. "ही भरल्याली हाय. धा म्हैनं कवाच झालं हिला. आन् ही बगा," मोठ्या कॅनव्हासकडे हात करून, "रिकामी." आमच्यात घोडी असायच्या, एवढंच पुढे म्हणाले. खालून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, त्यांनी चलानवर माझी सही घेतली आणि गेले. नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

मधे काही झालेलं नव्हतं. ते पोट मी दुरुस्त केलं होतं.

स्केच पेणजवळचं. भात निघून गेलेल्या शेतात धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढ्या-घोड्यांसकट सगळं बिऱ्हाड, उतरला होता. फेब्रुवारीतली सकाळ, नऊ वाजले असतील. मेंढ्या चरायला गेल्या होत्या, दोन बायका तीन दगडांच्या चुलीवर भाकऱ्या करत होत्या आणि बांधाच्या कडेला करंजाच्या सावलीत ही घोडी उभी होती. तांबूस अंगाची, बुटकी, आयाळ मळून जटा झालेली. मागचा एक पाय खुराच्या टोकावर टेकवलेला, मान खाली सोडलेली, डोळे अर्धवट मिटलेले. माशी बसली की खांद्याजवळची कातडी तेवढी थरथरायची, बाकी सगळं अंग स्वस्थ. दहा-बारा मिनिटांत मी ते स्केच केलं. अशा वेळी हात डोक्याला विचारायला जात नाही. नजर सरकेल तसा कोळसा सरकतो. पोटाची रेघ काढताना कांडी मोडली होती, हे मला पक्कं आठवतं. स्केचमध्ये त्या जागी अजून एक जाड काळा ठिपका आहे.

मोठं चित्र मी मे महिन्यात लालबागच्या खोलीत केलं. खाली मिरच्यांची दुकानं असल्यामुळे त्या दिवसांत आमच्या जिन्यात शिंकल्याशिवाय चढता येत नाही. स्केचवर चौकटी आखल्या, कॅनव्हासवर आखल्या आणि रेषा उतरवून घेतल्या. लांब जाऊन बघितलं तर पोट लोंबत होतं. वहीच्या पानावर न खटकलेली गोष्ट साडेचार फुटांत डोळ्यांत खुपायला लागली. मी मनाशी म्हटलं, घाईत ड्रॉइंग चुकलं. बरगड्या कुठे संपतात, पोट तिथून वर कसं चढायला हवं, हे सगळं मला येत होतं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आमचे एक सर मागे येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "आधी हाडं बघ, मांस नंतर." मी हाडं बघितली. कापडाने ती रेघ पुसली आणि नवी घातली. छान, ताणलेली, धनुष्यासारखी. त्या दिवशी संध्याकाळी जिना उतरताना मी खूश होते, हेही मला आठवतं, आणि आता तेच आठवून जीव चुटपुटतो.

आणि मी फक्त पोटच पुसलं असंही नाही. स्केचमध्ये घोडीच्या मागे बिऱ्हाडाचा ढीग होता. त्यावर निळी ताडपत्री. पाण्याचे दोन प्लास्टिकचे कॅन, कोंबड्यांचं डालगं, एका काठीला अडकवलेली शाळेची बॅग. मोठ्या चित्रात यातलं काहीच नाही. तिथे पिवळट मातकट शेत आहे, लांबवर जांभळा डोंगर आहे, करंजाची सावली आहे. यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना मी अगदी मनापासून लावलेत, त्या रंगांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ती ताडपत्री त्या सकाळी किती निळी होती! सगळ्या वाळलेल्या शेतात तेवढा एकच ओला रंग होता. तो मी का काढला? शांतता यावी म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं.

पेण माझं आजोळ. आम्ही गिरगावात चाळीत राहायचो आणि नाताळच्या सुट्टीत आजोळी जायचो. तोवर धनगर घाट उतरून खाली आलेले असायचे. आजोबा दोन-तीन रात्रींसाठी मेंढ्या शेतात बसवून घ्यायचे, लेंड्यांचं आणि मुताचं खत होतं म्हणून, आणि त्याबद्दल भात मोजून द्यायचे. आमच्यासाठी ती पर्वणी. वाल तयार होत आलेला असायचा, संध्याकाळी भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात पोपटी लागायची आणि तिचा वास आणि मेंढ्यांचा उग्र वास एकत्र होऊन अंगणात यायचा. आजीला तो वास सहन व्हायचा नाही. मला तो आजही कुठे आला तर मी थांबते.

पण मला खरी ओढ होती ती वाडा उठतानाची. पहाटेच सुरुवात व्हायची. घोड्यांच्या पाठीवर आधी जुन्या गोधड्यांच्या घड्या, त्यावर पलाण, मग पिठाची थैली, घोंगड्या, पातेली, तवा, जाळीच्या वाघरा. वाघरेची गुंडाळी घालताना दोघी बायका दोन बाजूंना उभ्या राहून दोर ओढायच्या आणि एकीचा पाय घोडीच्या बरगडीला टेकवलेला असायचा. घोडी एकदा श्वास सोडायची आणि त्याच क्षणी दोर आवळला जायचा. सगळ्यांत वर कोंबड्या, आणि रात्रीच जन्मलेलं एखादं कोकरू झोळीतून मान बाहेर काढून बसलेलं. एकदा तर त्या ढिगावर दीड-दोन वर्षांचं मूल बांधलेलं होतं आणि ते झोपलं होतं. मी आजोबांना विचारलं, पडणार नाही? आजोबा म्हणाले, "घोडी पडू देत नाही." पुरुष मेंढ्या घेऊन डोंगराच्या अंगाने जायचे, बायका घोड्या घेऊन रस्त्याने. रांग वळणाआड गेली तरी तव्यावर पळी आपटल्याचा आवाज बराच वेळ यायचा.

ही ठेंगणी घोडी म्हणजे आपल्या भीमथडीच्या तट्टांची जात. मराठ्यांच्या फौजा ज्यांच्यावर लांबलांबच्या मजला मारायच्या, तीच. गडांवरच्या आणि चौकांतल्या पुतळ्यांचे घोडे उंच, पुष्ट, मान कमानीसारखी केलेले असतात. भीमथडी तशी दिसत नाही. डोकं अंगाच्या मानाने जरा मोठं, पाय आखूड, पाठ रुंद. शेकडो मैल ओझं नेणारं जनावर जसं दिसायला हवं तसं ते दिसतं.

गिरगावात दुसरे घोडे होते. चौपाटीवरचे फेरी मारणारे आणि व्हिक्टोरियाचे. डोक्याला लाल-पिवळे तुरे, गाडीला चंदेरी पत्रा, त्यावर दिव्यांच्या माळा. वडील पगाराच्या दिवशी कधीतरी आम्हाला बसवायचे. मी नेहमी गाडीवानाच्या मागची जागा धरायचे, कारण तिथून घोड्याचा पार्श्वभाग दिसायचा आणि डांबरावर नाल घसरला की स्नायू कसा एका बाजूला पळतो ते बघता यायचं. एकदा मरीन ड्राइव्हला एक घोडा घसरून बसला. गाडीवान खाली उतरला, त्याने लगाम ओढला नाही, ओरडला नाही. घोड्याच्या तोंडाशी उकिडवा बसून राहिला. मागे बसचे हॉर्न चालू होते. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने या गाड्या बेकायदा ठरवल्या आणि त्या बंद होत गेल्या. ते योग्यच झालं, त्या डांबरावर, त्या उन्हात ती जनावरं नकोच होती. तरी आता रात्री मरीन ड्राइव्हवरून जाताना कान टापांचा आवाज शोधत असतात, याला मी काय करू?

जे. जे.त आले तेव्हा घोडा म्हणजे चित्रकार एम. एफ. हुसेन, असं समीकरण होतं. आमच्या वर्गात ज्याला म्हणून ब्रश धरता येत होता त्याने एक तरी उधळलेला, नाकपुड्या फेंदारलेला, मान मागे टाकलेला घोडा काढला होता. मीही काढले. त्यांचे घोडे आले कुठून, हे मला पुष्कळ नंतर कळलं. पंढरपुरात जन्मलेला हा मुलगा इंदुरात वाढला. तिथे मोहरमच्या मिरवणुकीतला दुलदुल त्याने बघितला, स्वार नसलेला, शोकाचा घोडा. मग मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरलं. १९५२ मध्ये चीनला गेले तेव्हा शू बेइहोंग यांचे शाईतले घोडे आणि तांग काळातले मातीचे घोडे बघितले. म्हणजे त्या एका उधळलेल्या रेषेमागे लहानपणची मिरवणूक होती, चाळीस फुटी होर्डिंगवर चालायची सवय झालेला हात होता आणि परदेशातली कुंभारकामं होती. आम्ही नुसती उधळण उचलली. आमच्यापैकी किती जणांनी तोवर घोड्याच्या तोंडाला हात लावला होता? मी तरी लावला नव्हता. पेणच्या घोड्यांना मी आजोबांच्या धोतराआडून बघितलेलं.

ग्रंथालयात जॉर्ज स्टब्जच्या ड्रॉइंग्जचे छापे होते. हा अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार. एका शेतघरात दीड वर्ष राहून मेलेले घोडे आकड्यांना टांगायचा, त्यांना जिवंतपणीच्या पवित्र्यात उभं करायचा आणि कातडी, स्नायू, शिरा, हाडं असा एकेक थर सोलत ड्रॉइंग करायचा. १७६६ मध्ये ती छापून आली. मी पावसाळाभर ती उतरवत बसले. पानाला कुबट वास, बाहेर आवारातल्या झाडांवरून पाणी निथळतंय आणि माझ्या वहीत घोड्याची बरगडी. त्या ड्रॉइंग्जनी मला घोड्याची हाडं शिकवली, याबद्दल मी कायमची ऋणी आहे. लालबागच्या खोलीत त्या दिवशी बोलली ती हीच हाडं. पण याच स्टब्जने आयुष्यात पुष्कळ घोड्या आणि त्यांची शिंगरंही रंगवली, झाडाखाली घोळका करून उभी असलेली, आणि ती चित्रं मी तेव्हा भराभरा उलटली होती. त्यात काही घडत नाही, असं मला वाटायचं.

आणखी एक गोष्ट तेव्हा सांगितली जायची आणि आता मीही विद्यार्थ्यांना सांगते. शतकानुशतकं चित्रकारांनी भरधाव घोडा काढला तो पुढचे दोन पाय पुढे ताणून, मागचे दोन मागे ताणून. फ्रेंच चित्रकार जेरिकोने १८२१ मध्ये एप्समच्या शर्यतीचं चित्र केलं तेही तसंच. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिज या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेला कॅमेऱ्यांची रांग लावली आणि घोड्याचे चारही पाय एकदम हवेत असतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना, ताणलेले असताना नाही, हे दाखवून दिलं. डोळा एवढा फसतो. डोळ्यावर विसंबू नका, अभ्यास करा. हा धडा मी इतक्या वेळा दिलाय की तो माझ्या हाडांत गेलाय. पेणला माझा डोळा फसलेला नव्हता. एक घोडी होती तशी त्याने बघितली होती आणि हाताने होती तशी उतरवली होती. मागाहून येऊन खोडणारी मी, अभ्यास केलेली.

पोटाचा एवढा विचार मी त्याआधी कधीच केला नव्हता. त्या रात्री जनावरांच्या डॉक्टर असलेल्या मैत्रिणीला फोन केला आणि स्केचचा फोटो पाठवला. ती हसली नाही, हे तिचे उपकार. घोडी साधारण अकरा महिने गाभण असते, म्हणाली, आणि शेवटच्या दिवसांत पोट असंच खाली उतरतं. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंचं मांस सैल पडतं, तिथे खड्डा दिसायला लागतो. फोटो मोठा करून बघ. मी बघितलं. माझ्या स्केचमध्ये शेपटीच्या मुळाशी कोळशाचा एक बारीक घसारा होता. ती सावली असेल असं मी समजत होते. मोठ्या चित्रात तिथे गुळगुळीत गोलाई आहे. घोडी बहुतेक रात्रीच विते, म्हणाली, आजूबाजूला निजानीज झाली की. आणि शिंगरू तासा-दोन तासांत उभं राहतं.

म्हणजे मी दादरला उतरून घरी जाऊन पोहे खात होते तेव्हा, किंवा त्यानंतरच्या एखाद्या रात्री, तिथे त्या बांधावर कुणीतरी लटपटत चार पायांवर उभं राहिलं असणार.

त्या दिवशी गॅलरीतून निघाले तेव्हा सात वाजून गेले होते. बाहेर चौकात नवा काळा घोडा उभा आहे. मूळचा १८७९ चा, सातव्या एडवर्डचा, तेव्हा तो युवराज होता. १९६५ मध्ये तो तिथून हलवला आणि भायखळ्याला राणीच्या बागेत नेऊन ठेवला. त्यानंतर ५२ वर्षं इथे घोडा नव्हताच, तरी लोक या जागेला काळा घोडाच म्हणत राहिले. टॅक्सीवाल्याला सांगितलं की तो बरोबर आणून सोडायचा. २०१७ मध्ये बसवलेल्या या घोड्यावर स्वार नाही. मला तो आवडतो. बिनस्वाराचा घोडा या शहराने मागून घेतला याचं मला बरं वाटतं. पण त्या संध्याकाळी मी त्याच्याकडे बघत उभी राहिले ती वेगळ्याच कारणाने. आपल्या शहरात घोड्याच्या पाठीवर राजा असतो, नाहीतर तुरा, नाहीतर नंबर लिहिलेलं कापड. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर मी कितीतरी पहाटे वही घेऊन काढल्या आहेत. घासलेल्या तांब्यासारखी अंगं, धुक्यातून आधी ऐकू येणारे आणि मग दिसणारे श्वास. सुंदरच असतं ते. ओझं वाहणारी, पोटुशी, अर्ध्या झोपेतली घोडी मात्र मी घाट उतरून आलेल्या माणसांकडेच बघितली, आणि मुंबईत आणताना तिला रेसकोर्सची कंबर दिली.

विद्यार्थी असताना आम्ही गेटवेहून लाँचने मांडव्याला आणि तिथून सासवण्याला गेलो होतो, नानासाहेब करमरकरांचं शिल्पालय बघायला. १८९१ मध्ये त्याच गावात जन्मलेला माणूस. देवळाच्या भिंतीवर त्याने काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र तिथल्या इंग्रज कलेक्टरने, ओटो रॉथफील्डने, बघितलं आणि मुलाला जे. जे.त धाडलं. पुण्याचा १९२८ चा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. एवढा प्रचंड घोडा आणि स्वार, सगळं एकसंध ओतलेलं. पण सासवण्यात मला आठवते ती म्हैस. आवारात बसलेली, सिमेंटची. तिच्याजवळ गेल्यावर आमच्यातला एक जण, डहाणूकडचा, घरी गुरं असलेला, तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "ही रवंथ करतेय." तोंड तर मिटलेलं होतं. आम्ही विचारलं कशावरून. त्याला सांगता आलं नाही. पोटाकडे हात केला फक्त. तेव्हा आम्ही त्याची थट्टा केली. टेम्पोबरोबर आलेल्या त्या गृहस्थांनी हवेत रेघ काढली तेव्हा मला त्याचा तो हात आठवला, तीस वर्षांनी.

प्रदर्शन चांगलं झालं. मोठ्या चित्राला दुसऱ्याच दिवशी लाल टिकली लागली. एका डॉक्टर जोडप्याने ते घेतलं. बाई चित्रासमोर बराच वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, किती शांत वाटतं हो, आमच्या गावची आठवण झाली. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. मी त्यांना काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? चित्र खोटं नाही, पण त्यातून कुणाला तरी काढून टाकलंय, असं? त्यांना मिळालेली शांतता मी त्यांच्याकडून काढून घ्यावी, असा मला काय अधिकार? आणि मला पैशांची गरज होती, हेही खरं. लालबागच्या खोलीचं भाडं त्यातून वर्षभराचं निघालं. स्केचला मात्र मी कुणी विचारायच्या आतच 'विक्रीसाठी नाही'ची चिठ्ठी लावली. शेवटच्या दिवशी चित्रं उतरवायला वेगळेच दोघे आले. मी त्या गृहस्थांबद्दल विचारलं. मुलगा म्हणाला, ते बदली होते, नेहमीचे नव्हते. फलटणकडचे असावेत.

या जानेवारीत पेणला गेले. ते शेत शोधलं. करंज आहे, शेताला तारेचं कुंपण आलंय आणि आत मुरमाचा भराव. मामेभाऊ म्हणाला, आता वाडे कमीच येतात, बसायला जागाच कुठे राहिली, एक जण वाल लावतो तर दुसरा जमीन विकतो. त्याच्या स्कूटरवर मागे बसून आम्ही तीन ठिकाणी हिंडलो. एका ठिकाणी फक्त चुलीची राख होती आणि लेंड्यांचा वास. तिसऱ्या ठिकाणी नदीच्या अंगाला एक वाडा सापडला, पण तो उठायच्या बेतात होता. माणसं वेगळी. मी मोबाइलवर स्केच दाखवलं, तर एक पोरगेलीशी बाई, पंचविशीची असेल, बघून म्हणाली, अशा लई हायती. मग माझ्याकडे नीट बघून, "कुठनं आलासा, आक्का?" मुंबईहून म्हटल्यावर तिने मान हलवली आणि कामाला लागली.

चार घोड्या होत्या. तिघींवर ओझं चढत होतं. वर तीच निळी ताडपत्री, तेच कॅन, डालग्यातून कोंबडीचा एक डोळा. चौथी बाजूला मोकळी उभी होती. काळपट, कपाळावर पांढरा टिळा, आणि तिचं पोट मला आता दुरूनच दिसलं. मी वही काढायला पिशवीत हात घातला, तेवढ्यात त्या बाईने त्या चौथीचं दावं माझ्या हातात दिलं. "धरा जरा. हिच्याव न्हाय टाकायचं आता. पर ह्या हलल्या का ही बी निगंल." आणि ती दोर आवळायला गेली.

मी दावं धरून उभी राहिले. दावं सुताचं, मऊ, हाताळून हाताळून तेलकट झालेलं. घोडीने आधी माझ्याकडे बघितलं नाही, मग एकदा नाक आणून माझ्या कोपराला लावलं. गरम आणि ओलसर. तिच्या अंगाला धुराचा वास होता, चुलीजवळ उभी राहात असेल. किती वेळ गेला कोण जाणे. वही काढता येत नव्हती. एक हात दाव्याला, दुसरा कुठे ठेवावा ते मला कळत नव्हतं. ओझी बांधून ती बाई परत आली, माझा तो मोकळा हात तिने मनगटाला धरला आणि सरळ घोडीच्या कुशीला खाली, जिथून रेघ वर चढायला लागते तिथे, दाबून ठेवला. "असं. जरा थांबा."

आधी नुसता श्वास लागला. मग कातडीखाली, आतून, काहीतरी कठीण माझ्या तळहातावर टेकलं आणि सरकत मागे गेलं. घोडीने कान मागे केले आणि पुन्हा पुढे.

"लागलं?" तिने विचारलं.

वाडा निघाला. ओझ्याच्या तिघी पुढे आणि ही मोकळी सगळ्यांत मागे, सावकाश, मागचे पाय जरा फाकून टाकत. वळणाआड गेल्यावरही कुठलंतरी भांडं वाजत होतं.

दिवा स्टेशनला जाणाऱ्या संध्याकाळच्या गाडीत मला खिडकी मिळाली. वही उघडली. डोकं, आयाळ, पाय, काहीच काढावंसं वाटेना. पुढच्या पायांमागून खाली उतरणारी आणि मागे एकदम वर चढणारी एवढी एकच रेघ काढली. गाडी हलत होती म्हणून ती कापरी आली. पान उलटलं, पुन्हा काढली. पनवेल येईपर्यंत तेवढंच करत होते.